एक डबा, आठ दागिने आणि एकच वाडगा: स्टर्लिंग चांदीच्या सफाईचं एक प्रकरण

तीन वर्षं कपाटात पडून राहिलेला एक लाकडी डबा. आत आठ दागिने, सगळे कमी-अधिक काळवंडलेले. एका संध्याकाळी ते सगळे एकाच वाडग्यात, एकाच गरम पाण्यात उजळायला टाकले गेले. तासाभरात तीन चांगले दिसायला लागले, चार बिघडले आणि आठवा मुळात चांदीचा नव्हताच, हे कळलं. तीन आठवड्यांनी त्या चांगल्या तिघांपैकी एक पुन्हा काळा पडला.

वापरलेली कृती चुकीची होती असं म्हणता येत नाही. अॅल्युमिनियम फॉईल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरतो. चूक झाली ती सरसकटपणात. काळेपणामुळे चांदीचा दागिना क्वचितच खराब होतो. तो खराब होतो काळेपणा घालवायच्या घाईत.

डब्यात काय होतं

१. साधं, भरीव कडं, ३८ ग्रॅम. तपकिरी-काळं, आणि त्यावर आडवा एक जास्तच काळा पट्टा.
२. ४५ सेंटीमीटरची सापासारखी गुळगुळीत, गोल साखळी. पूर्ण काळी.
३. फुलांची नक्षी कोरलेली अंगठी. नक्षीच्या खोलगट भागात काळा रंग, उठावाचा भाग पिवळट.
४. मोत्याचे कानातले. मोती अर्धे भोक पाडून खुंटीवर चिकटवलेले.
५. पिरोजा बसवलेली अंगठी.
६. ऱ्होडियम या पांढऱ्या, चकचकीत धातूचा मुलामा असलेलं पेंडंट, त्यात क्युबिक झिरकोनियाचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे. फक्त वरची कडी काळी.
७. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या कानातल्या रिंगा. त्यावर तांबूस ठिपके.
८. रुंद पट्टीचं ब्रेसलेट. त्यावर चांदीचं प्रमाण सांगणारा ९२५ चा शिक्का नव्हता. तो कुणी शोधलाही नव्हता.

ही यादी नंतर भिंग घेऊन बसल्यावर तयार झाली. त्या संध्याकाळी डब्यात फक्त ‘काळी पडलेली चांदी’ होती.

काय केलं गेलं

काचेच्या वाडग्यात फॉईल अंथरलं, दोन लिटर उकळतं पाणी ओतलं, त्यात अर्धी वाटी सोडा आणि मूठभर मीठ टाकलं. आठही दागिने ढिगाने आत. वीस मिनिटं. उकडलेल्या अंड्यासारखा वास आला, फॉईल काळवंडलं. दागिने काढून नळाखाली एकदा धरले. जिथे काळं उरलं होतं तिथे टूथपेस्ट आणि जुना ब्रश चालवला. टॉवेलने पुसून सगळे परत त्याच डब्यात ठेवले.

यातल्या प्रत्येक पायरीचा परिणाम वेगळ्या दागिन्यावर दिसला. तो समजायला हा काळा थर काय असतो ते आधी पाहावं लागेल.

काळेपणा म्हणजे मळ नव्हे

स्टर्लिंग म्हणजे वजनाने ९२.५ टक्के चांदी आणि ७.५ टक्के दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की रोज वापरायची अंगठी तिच्यात फार काळ आकार धरत नाही, म्हणून ही मिसळ. हवेत हायड्रोजन सल्फाईड वायू अब्जात एका भागाहून कमी असला तरी चांदीला तेवढा पुरतो. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाईड तयार होतं, सोबत थोडं तांब्याचं सल्फाईड आणि ऑक्साईड. हवा दमट असली की हे काम वेगाने होतं.

थर पातळ असताना रंगावरून त्याची जाडी कळते. आधी फिकट पिवळा, मग तांबूस-तपकिरी, मग जांभळा-निळा आणि शेवटी काळा. पिवळा थर नुसत्या पॉलिशच्या कापडाने निघतो. निळ्याच्या पुढे गेलेल्याला कापड पुरत नाही, आणि तिथेच माणूस टूथपेस्टकडे वळतो.

आता मुख्य आकडा. सिल्व्हर सल्फाईडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. म्हणजे बोळ्यावर उतरणारं काळं हे बाहेरून आलेली घाण नसून दागिन्याचीच चांदी असते, गंधकाशी बांधलेली. घासून काढली की ती कायमची गेली. एका वेळी जाणारी चांदी नगण्य, पण कोरीव नक्षी किंवा शिक्क्याची अक्षरं वर्षानुवर्षं घासली गेली की बुजतात.

फॉईलची पद्धत इथेच वेगळी पडते. अॅल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील. सोड्याच्या पाण्यात दोघं एकमेकांना टेकले की एक छोटी विद्युतघट तयार होते. अॅल्युमिनियम झिजतं, सल्फाईडमधली चांदी पुन्हा धातू होते आणि गंधक वायू होऊन निघून जातो. अंड्याचा वास तो हाच, म्हणून खिडकी उघडी हवी. चांदी परत मिळते, पण जिथून गेली तिथे तशीच घट्ट बसत नाही. ती सच्छिद्र, भुरभुरीत थर होऊन बसते. डोळ्याला तो दुधाळ, चकाकी नसलेला पांढरा दिसतो, आणि सच्छिद्र असल्यामुळे पुढच्या वेळी लवकर काळा पडतो. ‘फॉईलने धुतलं की महिन्याभरात परत काळं होतं’ या तक्रारीचं मूळ यात आहे. उपायही सोपा आहे: बाहेर काढल्यावर हलक्या हाताने घोटून तो थर बसवायचा. ही पायरी बहुतेक कृतींमध्ये लिहिलेलीच नसते.

आठ वस्तू, आठ कारणं

कडं दुधाळ झालं ते वर सांगितलेल्या कारणाने. त्यावरचा आडवा पट्टा मात्र वीस मिनिटांनीही गेला नाही, करडा होऊन राहिला. डब्यात साखळीची गुंडाळी रबरबँडने बांधून कड्यावर ठेवली होती. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात. तीन वर्षं ते रबर चांदीला टेकून होतं, त्यामुळे तिथला थर इतका खोल गेला की खालचा पृष्ठभागच खडबडीत झाला. काळा रंग गेला तरी खडबडीतपणा राहतो आणि प्रकाशात वेगळा दिसतो. त्यावर टूथपेस्ट घासल्याने बारीक ओरखड्यांचं जाळं वाढलं. चांदीची कठीणता मोहस मापावर, म्हणजे कठीणता १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मापावर, २.५ ते ३ आहे, आणि पेस्टमधले सिलिका किंवा अॅल्युमिनाचे कण तिला सहज ओरबाडतात. दाताचं वरचं कवच सुमारे ५ कठीण असतं. त्याच्यासाठी बनवलेली वस्तू चांदीवर वापरायची नाही, एवढं गणित पुरेसं आहे.

साखळीचं दुखणं आतलं. गोल साखळीत एकमेकींत अडकवलेल्या कड्यांच्या आत पोकळी असते. सोडा आणि मीठ तिथे शिरलं, नळाखाली एकदा धरल्याने निघालं नाही, आणि साखळी ओलीच डब्यात गेली. मिठातला क्लोराईड चांदीवर आणि तांब्यावर काम करत राहिला. तीन आठवड्यांनी सांध्यांमधून करडा रंग बाहेर आला आणि साखळी ताठ झाली. फाशापाशी तांबूस डाग होता. तो गंज. फासा चांदीचा असला तरी आतली बारीक स्प्रिंग बहुतेक वेळा पोलादी असते. ती खाऱ्या पाण्यात भिजली आणि नंतर सुकलीच नाही.

नक्षीच्या अंगठीचं सगळ्यात वाईट झालं. तिचा काळा रंग हे दुखणं नव्हतंच, तो कारागिराने मुद्दाम दिलेला होता. अशा अंगठीला गंधकाच्या द्रावणात बुडवून पूर्ण काळी करतात आणि मग उठावाचा भाग घासून उजळतात, म्हणजे फुलं उठून दिसतात. रसायनाच्या भाषेत तो रंग आणि कपाटात पडलेला काळेपणा एकच, सिल्व्हर सल्फाईड. फॉईलला मुद्दाम केलेलं आणि आपोआप झालेलं यातला फरक कळत नाही. वीस मिनिटांत नक्षी सपाट, पांढरट झाली.

मोत्यांना तिहेरी मार बसला. गरम पाण्याने खुंटीवरचा गोंद सैल झाला आणि एक मोती हलायला लागला. मोत्याचे थर कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांना जोडून ठेवणारं द्रव्य प्रथिनांचं. सोड्याचं गरम अल्कधर्मी पाणी त्या प्रथिनांना सोसवत नाही. टूथपेस्टने वरची चकाकी ओरबाडली गेली. ही चकाकी परत येत नाही.

पिरोजा छिद्रांचा खडा आहे, आणि बाजारात येणाऱ्या पिरोज्यांपैकी पुष्कळांना मेण किंवा रेझिन पाजलेलं असतं. गरम सोड्याच्या पाण्यात निळा हिरवट झाला. तोही परत फिरत नाही.

पेंडंटला काही झालं नाही, पण काही मिळालंही नाही. ऱ्होडियम काळा पडत नाही. काळी होती ती कडी, कारण साखळी घासून तिथला मुलामा झिजला होता आणि खालची चांदी उघडी पडली होती. खडे मंद दिसत होते ते मागच्या बाजूला साचलेल्या साबणाच्या आणि त्वचेच्या तेलाच्या थरामुळे. त्याला सोडा आणि फॉईल नको होतं, कोमट साबणपाणी हवं होतं.

सोनेरी रिंगांवरचे तांबूस ठिपके म्हणजे मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला खालच्या चांदीचा काळेपणा. वाडग्यात ते कमी झाले. नंतर टूथपेस्टने कडांवरचं सोनं गेलं आणि पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या. जाड म्हणवणारा मुलामाही दोन-अडीच मायक्रॉनचा असतो, बारीक केसापेक्षा कितीतरी पातळ.

ब्रेसलेटच्या कडा पिवळ्या निघाल्या. आत पितळ, वर चांदीचा पाणीमुलामा. या एकाच वस्तूवर टूथपेस्टचा परिणाम मिनिटाभरात डोळ्यांदेखत झाला.

दुसरी फेरी: आधी ओळख

दुसऱ्या वेळी पाण्याला हात लावण्याआधी अर्धा तास नुसतं पाहण्यात गेला, आणि तो सगळ्यात उपयोगी ठरला. लागलं ते एवढंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटा लोहचुंबक, पांढरं कापड आणि चांगला उजेड.

शिक्का आधी शोधायचा. अंगठीत तो आतल्या बाजूला, साखळीत फाशावर किंवा शेवटच्या कडीवर, कानातल्यात खुंटीवर सापडतो. ९२५ किंवा स्टर्लिंग असं लिहिलेलं असेल तर मिश्रण कळलं. ९९९ म्हणजे जवळजवळ शुद्ध, ८०० म्हणजे तांबं जास्त आणि काळेपणा लवकर. ई.पी.एन.एस. ही अक्षरं असतील तर तो निकेलच्या मिश्रधातूवर दिलेला चांदीचा मुलामा आहे. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या धातूत तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी अजिबात नसते. शिक्का नसला म्हणजे चांदी नाही असंही नाही, झिजून जातो. पण मग कडा, कोपरे आणि आतली बाजू पाहायची. झिजलेल्या ठिकाणी वेगळा रंग दिसला तर मुलामा.

लोहचुंबकाला चांदी चिकटत नाही. साखळीचा फक्त फासा ओढला गेला तर आत पोलादी स्प्रिंग आहे, त्याला पाण्यापासून लांब ठेवायचं. पितळही चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीवर चांदी ठरवू नये.

तिसरी गोष्ट, काळं कुठे आहे. सगळीकडे सारखं असेल तर हवेतून आलेलं. फक्त खोलगट भागात, कडेने रेखल्यासारखं असेल तर ते मुद्दाम दिलेलं असण्याची शक्यता मोठी. एखाद्याच पट्ट्यात किंवा ठिपक्यात असेल तर तिथे काहीतरी टेकलं होतं. आणि जांभळट-करडे ढगासारखे डाग, जे कशानेच जात नाहीत, ते बहुधा डाख देताना तापलेल्या चांदीच्या आत शिरलेलं तांब्याचं ऑक्साईड. ते घरी घासून काढायचा प्रयत्न करू नये, तो थर पृष्ठभागाच्या खाली असतो.

धुणं

मोती, पिरोजा आणि ब्रेसलेट सोडून सगळ्यांना आधी हे. अर्धा लिटर कोमट पाणी, मनगटावर ऊब जाणवेल इतपत, ३५ ते ४० अंश. त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाचे तीन-चार थेंब, ज्यात आम्ल किंवा ब्लीच नाही असा. तळाला कापड अंथरलेलं प्लॅस्टिकचं भांडं. बेसिनमध्ये धुवायचं असेल तर भोक बंद. लहान मुलांचा मऊ ब्रश, खड्यांच्या मागून. मग तीन वेळा स्वच्छ पाणी, शेवटचं शुद्ध केलेलं (डिस्टिल्ड) असलं तर डाग राहत नाहीत.

या एका पायरीत पेंडंट पूर्ण झालं. खडे चमकले. काळ्या कडीला पॉलिशच्या कापडाचे दोन-चार हात दिले आणि तिथेच थांबलो, कारण जास्त घासलं तर बाजूचा मुलामा उतरतो. पुन्हा मुलामा देणं हे कारागिराचं काम. सोनेरी रिंगांचंही याच पायरीत संपलं. मुलाम्यावर घासणारं काहीही वापरायचं नाही, पॉलिशचं कापडसुद्धा नाही. कडांच्या पांढऱ्या रेषा तशाच ठेवल्या.

कडं

कड्यासाठी खडूची लापशी. शाळेचा फळ्याचा खडू नव्हे, तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि त्यात कण असतात. हवं ते अवक्षेपित, म्हणजे द्रावणातून साका बसवून केलेलं कॅल्शियम कार्बोनेट, अगदी बारीक आणि एकसारख्या दाण्याचं. चांदीचे जुने नमुने जपणारे संग्रहालयांतले जतनकारही हेच वापरतात. १० ग्रॅम पूड, शुद्ध पाणी थेंबाथेंबाने, दह्याइतकं घट्ट होईपर्यंत, आणि साबणाचा एक थेंब. कापसाच्या बोळ्याने, बोटाच्या हलक्या दाबाने, कड्याच्या गोलाईच्या दिशेने एकाच रेषेत. गोल-गोल घासलं तर भोवऱ्यासारखे ओरखडे उजेडात उठून दिसतात. बोळा काळा झाला की टाकून नवा घ्यायचा. काळ्या बोळ्याने घासत राहणं ही हौशी सफाईतली सगळ्यात नेहमीची चूक, कारण निघालेला थरच मग वाळूचं काम करतो.

दुधाळपणा दहा मिनिटांत गेला. भुरभुरीत थरातली थोडी चांदी घोटून बसली, थोडी निघून गेली. टूथपेस्टचे ओरखडे मंद झाले पण गेले नाहीत. रबराचा पट्टा तिरप्या उजेडात अजून दिसतो. त्याला चाकावर घोटून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी सबंध कड्यावरून चांदीचा एक पातळ थर काढावा लागेल. आमचा सल्ला: सध्या राहू द्या. वापरून पडणाऱ्या बारीक रेषांत तो दोन-चार वर्षांत मिसळतो.

साखळी

गंमत अशी की फॉईलची पद्धत आठांपैकी फक्त हिच्यासाठीच योग्य होती. आतल्या कड्यांपर्यंत ना कापड पोचतं ना खडू. पण ती अशी करायला हवी होती.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात फॉईल, चकचकीत बाजू वर की खाली याने काही फरक पडत नाही. एक लिटर पाणी, ६० ते ७० अंश, म्हणजे वाफ येते पण उकळत नाही. सोडा १५ ग्रॅम, एक मोठा चमचा सपाट. मीठ नाही. मिठाने क्रिया जरा वेगाने होते हे खरं, पण पोकळ साखळीत क्लोराईड अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही. सोडा एकटा पुरेसा वीजवाहक आहे. साखळी एकेरी पसरून, सगळीकडे फॉईलला टेकेल अशी. फासा भांड्याच्या काठावरून बाहेर. दोन मिनिटं, मग पाहायचं, लागली तर आणखी दोन. फॉईल काळं झालं असेल तर दुसऱ्या खेपेला नवं.

मग खरं काम. स्वच्छ गरम पाण्यात पाच मिनिटं, साखळी मागेपुढे हलवत. पाणी बदलून पुन्हा पाच. आणखी एकदा. शेवटी शुद्ध पाणी, नंतर दोन मिनिटं आयसोप्रोपिल अल्कोहोल या झटकन उडून जाणाऱ्या द्रवात, म्हणजे आतलं पाणी बाहेर निघतं. जवळ ज्योत नको, शेगडी नको. पंख्याखाली सरळ टांगून रात्रभर. सापासारखी साखळी गुंडाळून वाळवू नये. मोडली की तिची घडी पुन्हा सरळ होत नाही.

गंजलेली स्प्रिंग वाचत नाही. फासा बदलून घेतला.

अंगठीचा काळा रंग परत

याला कारागीर गंधकयुक्त पोटॅशची क्षारं वापरतात. ती गरम पाण्यात विरघळवून त्यात अंगठी बुडवतात. घरी ते नसलं तर उकडलेलं अंडं चालतं, आणि काळेपणा घालवायला निघालेल्याने काळेपणा आणायला हायड्रोजन सल्फाईडच शोधावा, यात एक न्याय आहे. अंगठी आधी साबणाने धुऊन अल्कोहोलने पुसायची, नाहीतर तेलाच्या ठिकाणी रंग धरत नाही, ठिपके राहतात. गरम अंडं सोलून बलक कुस्करायचा, झिपच्या पिशवीत एका कोपऱ्यात ठेवायचा, अंगठी दुसऱ्या कोपऱ्यात, बलकाला न टेकता. पिशवी बंद. अर्ध्या तासात पिवळी-तांबूस, काही तासांत गडद. हवी तितकी गडद झाली की धुऊन, सपाट लाकडी पट्टीवर ताणलेल्या पॉलिशच्या कापडावर उठावाचा भाग घासायचा. कापड बोटावर गुंडाळून घासलं तर ते खळग्यांत शिरतं आणि रंग तिथूनही जातो. पहिल्या खेपेला फुलांच्या मध्यभागी रंग फिका राहिला, दुसऱ्या खेपेला जमला. मूळ रंगाइतका तो खोल नाही, पण नक्षी वाचता येते.

मोती, पिरोजा आणि ब्रेसलेट

मोत्याच्या खुंटीवरचा जुना गोंद लाकडी काडीने खरवडून काढला, खुंटी अल्कोहोलने पुसली, आणि दोन नळ्यांच्या इपॉक्सी गोंदाचा टाचणीच्या टोकाइतका थेंब लावून चोवीस तास हलवलं नाही. झटपट चिकटवणारा गोंद इथे नको, तो ठिसूळ होऊन सुटतो. कानातल्याच्या चांदीला फक्त कोरडं पॉलिशचं कापड, तेही मोत्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळून. मोत्याला ओलसर मऊ कापड, मग कोरडं. एवढंच.

पिरोज्याचंही तसंच: खडा झाकून चांदी पुसायची. हिरवट झालेल्या खड्याला तेल चोळायचा सल्ला कुणी देईल. तेल आत शिरतं, रंग आणखी गडद आणि असमान करतं. ब्रेसलेटला कोरडं कापड, आणि उघड्या पितळाबद्दल काही करायचं नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र, लिंबू, शीतपेय, राख, हे उपाय इथे मुद्दाम वापरले नाहीत. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस येतो आणि उरतं जवळजवळ खारं पाणी. आम्लांनी तांब्याचं ऑक्साईड निघतं, सल्फाईडवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. बाटलीतली बुडवून काढायची द्रावणं झटपट काम करतात, पण त्यांत बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतं. मोती, पिरोजा, पोलादी स्प्रिंग आणि मुद्दाम दिलेला काळा रंग या चारही गोष्टींना ती घातक आहेत, आणि या डब्यात त्या चारही होत्या.

डबाच दोषी

सफाई झाल्यावर प्रश्न उरला तो डब्याचा. आतलं अस्तर लोकरीच्या फेल्टचं होतं. लोकरीत गंधक असतं आणि दमट हवेत ती गंधकाचे वायू सोडत राहते. दागिने पुन्हा तिथेच ठेवले असते तर सगळी मेहनत वर्षभरात पाण्यात गेली असती.

आता प्रत्येक दागिना वेगळ्या, घट्ट बंद होणाऱ्या पॉलिइथिलीनच्या पिशवीत. पारदर्शक आणि जरा ताठ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळल्या, त्यांतून क्लोरीनयुक्त वायू निघू शकतात. पिशवीतली हवा दाबून काढायची, सोबत काळेपणा रोखणारी कागदाची पट्टी, सहा ते बारा महिन्यांनी बदलायची. नव्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी. मोती मात्र हवाबंद पिशवीत नाहीत, मऊ सुती थैलीत, या डब्याबाहेर. फार कोरड्या हवेत त्यांचा ओलावा जातो. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरी कापड या तिघांना बंदी.

आणि जे रोज घालता येतं ते रोज घालायचं. अंगावरचं कडं कपड्यांना, त्वचेला घासत राहतं आणि थर साठू देत नाही. अत्तर, केसांचा स्प्रे, क्रीम आधी, दागिना शेवटी. काढताना उलट. पोहण्याचा तलाव आणि ब्लीचने फरशी पुसणं या दोन वेळी चांदी हातात नको. क्लोरीनने बसणारा करडा थर कापडाने निघत नाही. काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने एकदा पुसून ठेवलं तर वर्षातून दोनदा साबणपाणी पुरतं.

सहा महिन्यांनंतर

कडं रोजच्या वापरात आहे आणि स्वच्छ आहे. साखळीचा पोत पूर्ववत, फाशाजवळच्या दोन सेंटीमीटरवर फिकट पिवळेपणा, तो कापडाने निघाला. नक्षीच्या अंगठीचा रंग उठावावर थोडा उडाला आहे, खळग्यांत शाबूत. पेंडंटची कडी पुन्हा काळी, अपेक्षेप्रमाणे, तिला मुलाम्याला पाठवायचं ठरलं आहे. रिंगांवर दोन नवे ठिपके आले आहेत, त्यांना हात लावलेला नाही. चिकटवलेला मोती घट्ट आहे. पिरोजा हिरवटच आहे.